दुसरा जिना

कोणत्याही मोठ्या कचेरीला बहुधा दोन जिने असतात. पहिला जिना सर्वांच्या परिचयाचा. त्याच्या पायऱ्या रोज सकाळी पुसल्या जातात, त्याच्या कठड्याच्या पितळेला लकाकी असते, आणि त्याच्या पहिल्या वळणावर संस्थेच्या आद्य चालकांची हार घातलेली तसबीर लावलेली असते. पाहुणे ह्याच जिन्याने येतात आणि मानाने निरोप घेऊन ह्याच जिन्याने जातात. दुसऱ्या जिन्याच्या नशिबी ह्यांपैकी काही नाही. एकत्र कुटुंबातील एखाद्या निराधार आत्याबाईप्रमाणे तो इमारतीच्या पाठीमागे, अंधुक उजेडात, कोणाच्या अध्यात ना मध्यात असा राहत असतो. घरातील अडगळ तिच्या खोलीत ठेवायची आणि तिची आठवण मात्र संकट आले म्हणजे करायची, हा जसा आत्याबाईंच्या बाबतीतला शिरस्ता, तसाच तो ह्या जिन्याच्याही बाबतीतला. फरक एवढाच की, आत्याबाई ती अडगळ बाजूला सारून हाकेसरशी धावून येऊ शकतात. जिन्याला ते करता येत नाही.

माझी कचेरी मुंबईच्या कोटातील एका जुन्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर आहे. दोन वर्षांपूर्वी वरिष्ठांनी मला त्या मजल्याचा अग्निरक्षक नेमले. नेमणुकीबरोबर एक नारिंगी जाकीट, एक शिटी आणि एक छापील यादी एवढी सामग्री माझ्या हवाली करण्यात आली. मित्रमंडळींनी यथेच्छ थट्टा केली, आणि पुढे काही दिवस मला 'बंबवाले' ह्याच नावाने हाक येत असे. यादीतील पहिलाच प्रश्न असा होता : 'बाहेर पडण्याचे सर्व मार्ग मोकळे आहेत काय?' ह्या प्रश्नाचे उत्तर टेबलाशी बसून लिहिणे सोपे होते. परंतु शिटी गळ्यात असली म्हणजे माणसाच्या अंगी थोडे कर्तव्यही संचारते. मी उठलो आणि दुसऱ्या जिन्याचे दार उघडले.

त्या दाराआड आमच्या कचेरीचा समग्र इतिहास पायरी-पायरीने मांडून ठेवला होता. सर्वांत वर बासनात बांधलेल्या जुन्या खतावण्या, त्यांच्या खाली तीन पायांच्या खुर्च्यांचा एक समुदाय, मग बंद पडलेले नक्कलयंत्र, गणेशोत्सवाचे मखर, सत्यनारायणाचा चौरंग, आणि दिवाळीत वाटून उरलेल्या भेटवस्तूंची रिकामी खोकी. चौथ्या मजल्याच्या वळणावर शिपायांनी विजेच्या शेगडीवर चहाचे आधण ठेवण्याची सोय केलेली होती; म्हणजे आगीपासून निसटण्याच्या वाटेवरच अग्नीची यथासांग प्रतिष्ठापना झालेली होती. अगदी तळाशी गल्लीत उघडणारे दार होते, आणि त्याला एक भरभक्कम कुलूप होते. किल्ली पहारेकऱ्याजवळ असते असे समजले. पहारेकरी त्या वेळी चहाला गेला होता.

ह्यात आमच्या कचेरीचे काही वैशिष्ट्य होते, असे मला म्हणावयाचे नाही. वाचकांपैकी जे नोकरी-पेशातले असतील त्यांनी आपापल्या इमारतीचा दुसरा जिना एकदा उघडून पाहावा. खतावण्या आणि खुर्च्या ह्यांचा क्रम तेवढा निराळा आढळेल. रिकामी जागा आपल्याला मुळी सोसवतच नाही. 'कधीतरी उपयोगी पडेल' हा आपल्या मध्यमवर्गीय संसाराचा मूलमंत्र आहे, आणि घरोघरचे पोटमाळे त्या मंत्राची साक्ष देत उभे आहेत. त्यातून मुंबईसारख्या शहरी, जेथे जागा चौरस फुटांनी मोजतात आणि तिचे मोल सोन्याशी ताडून पाहतात, तेथे पाच मजल्यांचा एक आख्खा जिना नुसता मोकळा ठेवावयाचा, हे व्यवहारी मनाला चैनीचे वाटले तर नवल नाही. जिन्यावर भाडे येत नाही. त्यावर बसून कोणी काम करीत नाही. जो दिवस कदाचित कधीच उगवणार नाही, त्या एका दिवसासाठी त्याने वर्षानुवर्षे रिकामे राहावयाचे असते. परंतु ह्या जिन्याचा सारा उपयोग त्या रिकामेपणातच आहे. भरलेला जिना हा जिना नव्हेच. ते एक उभे कोठार आहे.

ह्या रिकामेपणाची किंमत किती असते, हे न्यूयॉर्क शहराने 1911 साली मोजली. त्या वर्षी 25 मार्च रोजी, शनिवारी, कामाची सुटी होण्याच्या सुमारास, ॲश बिल्डिंग नावाच्या दहा मजली इमारतीत आग लागली. वरचे तीन मजले ट्रँगल शर्टवेस्ट कंपनी ह्या स्त्रियांचे पोलके शिवणाऱ्या कारखान्याकडे होते. आठव्या मजल्यावर, कापड बेतण्याच्या टेबलाखाली साठलेल्या चिंध्यांत ठिणगी पडली. दहाव्या मजल्यावर दूरध्वनीने वर्दी पोहोचली. नवव्या मजल्यावर ती पोहोचलीच नाही. तेथे शिवणयंत्रांच्या लांबच लांब रांगांमध्ये बहुसंख्य तरुण मुली बसलेल्या होत्या. बऱ्याचशा यहुदी आणि इटालियन कुटुंबांतल्या, नुकत्याच त्या देशात आलेल्या. त्यांना आगीची वर्दी आगीनेच दिली.

त्या मजल्याला दोन जिने होते. एकाकडे ज्वाला पोहोचल्या. दुसऱ्याच्या दाराला कुलूप होते. इमारतीच्या मागील अंगास लोखंडाची एक अरुंद शिडी होती. ती माणसांच्या भाराने आणि उष्णतेने वाकली, आणि तिच्यावरील माणसांसह खाली कोसळली. बंब वेळेवर आले, परंतु त्यांच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचत होत्या. अर्ध्या तासाच्या आत सारे आटोपले. 146 माणसे मेली, आणि त्यांपैकी अनेकांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या होत्या. इमारतीला मात्र फारसे काही झाले नाही. तिचा सांगाडा अग्निरोधक म्हणून बांधलेला होता, आणि तो त्या कसोटीस पूर्णपणे उतरला. ती इमारत आजही उभी असून न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वापरात आहे. विटा आणि पोलाद ह्यांच्या सुरक्षिततेचा विचार झाला होता. माणसांनी कोठून बाहेर पडावे, हा विचार तेवढा अपुरा राहिला होता.

तो अपुरा कसा राहिला, तेही ऐकण्यासारखे आहे. नियमाप्रमाणे त्या इमारतीला तीन जिने हवे होते. बांधणाऱ्यांच्या वतीने असा युक्तिवाद करण्यात आला की, मागची लोखंडी शिडी हाच तिसरा जिना समजावा. आणि तो मान्यही झाला. राहता राहिले कुलूप. संध्याकाळी घरी जाताना कामकरणींनी एकाच दाराने जावे आणि तेथे त्यांच्या पिशव्या तपासल्या जाव्यात, म्हणजे कारखान्याचे कापड चोरीस जाणार नाही, अशी मालकांची व्यवस्था होती. पुढे मालकांवर खटला झाला. दार त्या घटकेला बंद होते हे त्यांना ठाऊक होते काय, ह्या प्रश्नावर पंचांची खात्री पटली नाही, आणि डिसेंबर 1911 मध्ये ते निर्दोष सुटले.

मला ह्या हकिगतीतील मालकांपेक्षा ते कुलूप अधिक विचार करावयास लावते. चोर आणि आग ह्या दोन भयांचे मनुष्याच्या मनात नेहमी भांडण चाललेले असते, आणि त्यात चोराची बाजू बहुधा वरचढ ठरते. चोर रोज येऊ शकतो. आग पिढीतून एखादे वेळी लागते. चोरी झाली तर जबाबदार कोण, हे दुसऱ्या दिवशी विचारले जाते; कुलूप लावल्याबद्दल पहारेकऱ्याला कोणी जाब विचारत नाही. म्हणून आमच्या गल्लीच्या दाराला कुलूप होते, आणि म्हणूनच ते लावणारा पहारेकरी स्वतःला दक्ष समजत होता. वस्तुतः ह्या भांडणात तडजोड अशक्य नाही. आतून आडव्या दांड्यावर अंग टेकताच उघडणारे आणि बाहेरून बंदच राहणारे दार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जगाला माहीत आहे. त्याची कल्पनाही अशाच एका दारापाशी सुचलेली आहे. 1883 साली इंग्लंडातील सन्डरलंड गावी, खेळ संपल्यावर जिन्याने धावत उतरणारी 183 मुले एका अर्धवट अडसर घातलेल्या, आत उघडणाऱ्या दाराशी चेंगरून मेली होती. तेव्हापासून दार बाहेर उघडावे आणि अंगाच्या रेट्याने उघडावे, हे शहाणपण कायद्यांत उतरू लागले. आपल्या घराचे दार आत उघडते, कारण ते आलेल्याचे स्वागत करते. जेथे शेकडो माणसे एकत्र जमतात तेथील दाराने निघालेल्याचा विचार आधी केला पाहिजे.

'परंतु आमची इमारत काँक्रीटची आहे, ती पेटणार कशी?' असे विचारणारे गृहस्थ प्रत्येक कचेरीत भेटतात. इमारत पेटत नाही. तिच्यात भरलेले सामान पेटते, आणि त्या सामानापेक्षाही त्याचा धूर अधिक घात करतो. आगीच्या दुर्घटनांत ज्वालेने भाजून मरणाऱ्यांपेक्षा धुराने गुदमरून मरणारे अधिक असतात. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारातील एका गच्चीवरील उपाहारगृहाला आग लागून 14 जण दगावले. तेथेही घात केला तो मुख्यतः धुराने. 21 जून 2012 रोजी खुद्द मंत्रालयात चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर चढली आणि पाच माणसे बळी पडली. तप्त धूर नेहमी वर धावतो, आणि जिन्याचे दार उघडे असेल तर सबंध जिना त्याचे धुराडे बनतो. ज्या वाटेने माणसांनी उतरावयाचे त्याच वाटेने मग धूर चढू लागतो. म्हणून जिन्याची दारे आपोआप मिटणारी आणि काही काळ आगीला थोपवणारी असावी लागतात. आमच्याही मजल्यावर असे दार बसवलेले होते. येता-जाता ते लोटण्याचा त्रास होतो म्हणून कोणीतरी त्याला टेकण लावून ते कायमचे उघडे ठेवले होते. आणि टेकण म्हणून जी वस्तू लावली होती, ती आग विझवण्याचे लाल नळकांडे होते! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. परंतु बंबानेच आगीला दार धरून ठेवल्याचे मी प्रथमच पाहिले.

आपल्याकडे कायदा नाही असे मुळीच नाही. महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा आणि जीवसंरक्षक उपायांचा 2006 सालचा अधिनियम आहे, आणि त्यान्वये इमारतीतील आगविषयक यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून घेऊन दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत, असा दोन वेळा, सादर करावयाचा असतो. आमच्या कचेरीतही तो दाखला चौकटीत घालून भिंतीवर लावलेला होता. दाखला पंप, नळ आणि घंटा ह्यांची साक्ष देतो. परंतु तपासनीस गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी पायरीवर कोणी खोके ठेवले, तर त्याची साक्ष कोण देणार? दरवर्षी 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. 1944 साली ह्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, आणि ते विझवावयास गेलेले अग्निशमन दलाचे 66 जवान प्राणास मुकले; त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह. त्या आठवड्यात आपण भित्तिपत्रके लावतो. ती लावण्यास मोकळी भिंत सापडेना, म्हणून आमच्या येथे एके वर्षी ती दुसऱ्या जिन्यातील खोक्यांवर चिकटवलेली मी पाहिली आहेत.

जिना मोकळा करण्यास आम्हांस तीन आठवडे लागले. कल्पना कोणालाच अमान्य नव्हती. प्रत्येक वस्तूला मात्र एक कैवारी होता. खतावण्यांवर लेखापरीक्षकांचा हक्क, खुर्च्या दुरुस्तीच्या आशेवर, चौरंग तर धर्मकार्याचा. शेगडीच्या उठवणुकीने शिपाईमंडळी इतकी दुखावली की, काही दिवस माझ्या वाट्याचा चहा सर्वांत शेवटी आणि सर्वांत गार येत असे. कुलूप निघाले आणि त्या जागी आतून ढकलताच उघडणारा दांडा आला. ज्या दिवशी शेवटचे खोके हलले, त्या दिवशी मी वरच्या पायरीवर उभा राहून खाली पाहिले. पाच मजल्यांपर्यंत नुसत्या पायऱ्या. त्यांवर काहीही नाही. एवढी निरुपयोगी दिसणारी आणि एवढी सुंदर गोष्ट मी त्या इमारतीत पूर्वी पाहिली नव्हती.

परंतु जिना मोकळा असून भागत नाही. तो पायांच्या ओळखीचा व्हावा लागतो. संकटात मनुष्य जवळच्या वाटेने जात नाही, ओळखीच्या वाटेने जातो. ही ओळख करून देण्याचे काम तालमीचे. मराठी माणसाला तालमीचे महत्त्व सांगावयास नको. तीन अंकी नाटकासाठी आपण महिनोन् महिने तालमी करतो, आणि रंगीत तालमीच्या दिवशी तर उपाशीही राहतो. परंतु आगीच्या तालमीची घंटा झाली की आपण हातातले पत्र पुरे करतो, पाकीट शोधतो, आणि हसत-खेळत, पहिल्याच जिन्याने खाली जाऊन चहाच्या टपरीवर उभे राहतो.

न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या एका इमारतीची हकिगत येथे आठवते. जागतिक व्यापार केंद्राच्या दक्षिण मनोऱ्यात मॉर्गन स्टॅन्ली ह्या पेढीचे सुमारे 2,700 लोक काम करीत. तेथील सुरक्षाप्रमुख रिक रेस्कोर्ला हे जुने सैनिक. 1993 साली त्या केंद्राच्या तळघरात स्फोट झाल्यानंतर त्यांनी आपल्या पेढीतल्या माणसांना वारंवार जिन्याने उतरवण्याचा परिपाठ ठेवला. मोठमोठे दलाल हातातला सौदा टाकून उठण्यास कुरकुरत. हे गृहस्थ त्यांना उठवीत. 11 सप्टेंबर 2001 रोजी शेजारच्या मनोऱ्यावर विमान आदळले तेव्हा दक्षिण मनोऱ्यात 'आपापल्या जागी थांबा' अशी सूचना झाली. रेस्कोर्लांनी ती मानली नाही. आपली माणसे जिन्याला लावली. दुसरे विमान त्यांच्या मनोऱ्यावर आदळले तेव्हा पायांना वाट ठाऊक होती. त्या पेढीचे जवळजवळ सर्व लोक वाचले. राहिलेल्यांना आणावयास पुन्हा वर गेलेले रेस्कोर्ला मात्र परत आले नाहीत.

आमच्या पहिल्या तालमीचा दिवस ठरला, आणि मजल्यावरील माणसांची यादी मी हाती घेतली. आमच्या हिशेबखात्यात एक बाई आहेत. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे त्या कुबडीच्या आधाराने चालतात. इमारतीतील लिफ्टने वर येतात आणि लिफ्टनेच खाली जातात. आगीच्या वेळी लिफ्ट बंद ठेवावयाची असते, कारण वीज केव्हा जाईल आणि तो पिंजरा कोणत्या मजल्यावर अडकेल, ह्याचा नेम नसतो. म्हणून पूर्वीच्या तालमींच्या वेळी सर्वांनी त्यांना मोठ्या आपुलकीने सांगावयाचे, 'बाई, तुम्ही बसा. ही काय खरी आग आहे!' आणि त्या एकट्या बसून राहावयाच्या, असा रिवाज पडलेला होता. ह्या खेपेस मी त्यांच्या टेबलाशी गेलो, तेव्हा माझ्या हातातील यादीकडे पाहून त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "साहेब, एक विचारू का? खरी आग लागेल त्या दिवशी मला काय सांगायचं, ते ठरलं आहे का?"

त्या प्रश्नात राग नव्हता. अकरा वर्षे त्या मजल्यावर काम करणाऱ्या बाईंनी तो प्रश्न मनातल्या मनात किती वेळा विचारला असेल, आणि रिकाम्या मजल्यावर वाजणारी घंटा ऐकत बसताना त्याचे काय उत्तर मिळाले असेल, ह्याचा विचार मला त्या क्षणी सोसवला नाही. उत्तर जगात उपलब्ध होते. 1993 च्या स्फोटानंतर जागतिक व्यापार केंद्रात जिन्यावरून घसरत नेता येणाऱ्या खुर्च्या आणून ठेवल्या होत्या. अशाच एका खुर्चीत बसवून उत्तर मनोऱ्याच्या 69 व्या मजल्यावरील एका पूर्णपणे अपंग गृहस्थांना त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली जिन्याने खाली आणले, आणि ते सर्व बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात तो मनोरा कोसळला. तशी खुर्ची आम्ही मागवली. यादीत बाईंच्या नावापुढे दोघांची नावे लिहिली, आणि ते दोघे रजेवर असतील तर आणखी दोघांची. आगीची योजना म्हणून जो काही मोठा ग्रंथ असतो, त्यात माझ्या मते एवढेच एक पान महत्त्वाचे : कोणाला कोण आणणार.

तालमीच्या दिवशी चौघे तरुण पाळीपाळीने ती खुर्ची धरून दुसऱ्या जिन्याने खाली उतरले. प्रारंभी सर्वांनाच संकोच वाटत होता, आणि बाईंना तो अधिक वाटत असावा, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले होते. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी ते उघडले. गल्लीत पोहोचल्यावर त्या म्हणाल्या, "अकरा वर्षांत इमारतीची ही बाजू मी आज पाहिली." मग पदर सावरीत पुढे म्हणाल्या, "पायऱ्या एकशे सोळा आहेत. तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या अंदाजानं धरल्या आहेत. पुढच्या वेळी मोजीन."

त्यानंतर बाईंनी आपले टेबल मागून हलवून घेतले. ते आता दुसऱ्या जिन्याच्या दाराजवळ आहे. गेल्या वर्षी विसर्जन आटोपल्यावर दोन तरुण मखर घेऊन त्या दाराशी आले. त्यांतला एक म्हणाला, "चारच दिवस ठेवतो, बाई. मग माळ्यावर नेऊ." बाईंनी खतावणीतून मान वर केली आणि काही न बोलता त्याच्याकडे पाहिले. तो त्यांची खुर्ची धरणाऱ्या चौघांपैकीच एक होता. त्याने मखर पुन्हा खांद्यावर घेतले, आणि ते दोघे मुकाट्याने माळ्याची शिडी शोधावयास गेले.